शेवटच्या पोलावरची पाळी

मला मदत केली ती मुनीर इनामदार सरांनी. बबनदादानं केली, चाचीनंही केली, पण पहिलं नाव सरांचं. झालं काय ते पुढं सांगतोच. नाव आधी एवढ्यासाठी लिहितो की आमच्याकडं गोष्ट रंगली की ज्यानं हात दिला तो माणूस शेवटाला राहतो, आणि शेवट यायच्या आत ऐकणाऱ्याची एसटी लागते. सरांचं तसं व्हायला नको.

आता बातमी. माझं गाव चकलांबा, तालुका गेवराई. शाळा नववीतच सुटली, पाण्याच्या जळालेल्या मोटारींची तार नव्यानं भरायच्या कामाला लागलो आणि फिरत फिरत कोइंबतूरला पोचलो. तिथं शेतीच्या पंपांचे स्टार्टर बनवणाऱ्या कारखान्यात आहे. दुपारच्या सुट्टीत डबा उघडला आणि फोन वाजला. स्क्रीनवर सरांचं नाव. आनंदानं उचलला तर पलीकडं चाची, म्हणजे सरांची बायको. असं कधी झालं नव्हतं. फोन सर करायचे आणि चाची मागून ओरडायची, "विचारा त्याला, भात खाऊन खाऊन सुजला का न्हाई!" आज चाची पुढं होती आणि मागं कुणीच बोलत नव्हतं.  "बेटा, तुझे सर गेले रे," चाची म्हणाली. "चहा मागितला सकाळी. मी घेऊन येस्तोवर..." 

माती त्याच दिवशी होणार होती. कोइंबतूरहून बीड म्हणजे गाड्या बदलत जायचं, पुढं एसटी. पोचणं शक्यच नव्हतं. मी डबा झाकला. शेजारी जेवायला बसणारा सेल्वम माझ्या तोंडाकडं बघत होता. त्यानं विचारलं, "अप्पावा?" म्हणजे, वडील का? मी मान हलवली. होय म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मलाच कळलं नाही.

सर बीडचेच. त्यांचे वडील बसस्टँडच्या बाजूला फळांचा गाडा लावायचे. सर शिकले, इंजिनियर झाले आणि सरकारच्या पेटंट कार्यालयात परीक्षक म्हणून लागले. बिनतारी संदेशाचे, म्हणजे मोबाईल, रेडिओ, टॉवर असल्या गोष्टींचे अर्ज त्यांच्या टेबलावर यायचे. कुणी अर्ज केला की 'ही युक्ती माझी आहे, मला हक्क द्या,' तर सरांनी दोन गोष्टी बघायच्या. एक, ही युक्ती खरंच नवी आहे का. आणि दुसरी, जी जास्त अवघड: नवी असली तरी त्या धंद्यातल्या जाणकाराला ती सहज सुचण्यासारखी आहे का. सहज सुचण्यासारखी असेल तर पेटंट नाही. त्यांचा सगळा जन्म ह्या एका प्रश्नात गेला. निवृत्त झाल्यावर बीडला परतले आणि अर्ज करणाऱ्यांच्या बाजूनं काम करायला लागले. "इतकी वर्षं दाराच्या आतून कडी लावली," म्हणायचे, "आता बाहेर उभं राहून वाजवून बघतो."

मी त्यांच्या दारात कसा पोचलो, त्यासाठी माझ्या डब्याचं सांगावं लागंल. आमच्या शिवारात मोबाईलवरून मोटार चालू करायचे डबे आले तेव्हा प्रत्येक डब्यात एक सिम असायचं. रिचार्ज संपला की पुन्हा चिखल तुडवत विहिरीवर जायचं. माझा मावसभाऊ बबनदादा वायरमन. मी सुट्टीवर आलो की आम्ही दोघं भावकीच्या विहिरींवर खेळ मांडायचो. सिम एकाच डब्यात ठेवलं, बाकीच्यांत छोटे रेडिओ बसवले. ह्या विहिरीनं त्या विहिरीला सांगायचं, तिनं पुढच्या विहिरीला. निरोप असा हातोहात जायचा. सगळं जमलं, पण एक अडचण काही केल्या हटेना. शेतीची लाईट पाळीनं येते. ती आली की सगळे डबे एकाच क्षणी जागे व्हायचे आणि एकदम ओरडायचे, 'मी आलो, मी आलो!' ग्रामसभेत सगळे एकदम बोलले की जे होतं तेच व्हायचं. कुणाचंच कुणापर्यंत पोचायचं नाही, मोटारी बंदच राहायच्या.

ती अडचण मी सोडवली. कशी, ते आत्ताच सांगत नाही. सरांनीही मला असंच थांबवलं होतं.

कोइंबतूरला एका माणसाकडून पेटंटचा अर्ज लिहून घेतला. मी मोडक्या हिंदीत सांगितलं, त्यानं इंग्रजीत उतरवलं. अर्ज गेला. कारखान्याच्या मालकांनी तेव्हाच स्पष्ट सांगितलं होतं, "पेटंट मिळालं तर हा डबा तुझ्या नावानं निघेल, तू डिझाईनच्या खोलीत बसशील. नाही मिळालं तर आम्ही बनवणारच, मग तो कुणाचाच नसतो. तू आहेसच स्क्रू पिळायला." माणूस वाईट नव्हता, आहे ते बोलला. मी मात्र रोज मोबाईल बघायला लागलो. आणि मग परीक्षण अहवाल आला. त्यात जुने दोन कागद काढले होते. एकात डब्यांनी निरोप हातोहात पुढं द्यायची पद्धत, दुसऱ्यात लाईट परत आल्यावर प्रत्येक मीटरनं मनाला येईल तेवढा वेळ थांबून मगच बोलायची पद्धत. हे दोन एकत्र ठेवले तर कुणाही जाणकाराला तुमचं सहज सुचलं असतं, म्हणून हरकत. सेल्वमनं मला त्या वाक्याचा अर्थ सांगितला. शाळा सुटल्यापासून मी काहीही केलं तरी लोक म्हणत आले होते, "त्यात काय!" आता सरकारनंही तेच म्हटलं.

अर्ज लिहून देणारा फोन उचलेना. मी रजा टाकून गावाकडं आलो तर बबनदादा म्हणाला, "तोंड कावून पाडलं बे? चल बीडला. इनामदार सरांच्या माडीची वायरिंग मीच केलीय. सरकारात हेच काम करत व्हते ते."

सरांची खोली माडीवर होती. पांढरी दाढी, अंगात स्वेटर, आणि बाहेर ऊन. मी अहवाल दिला, अर्ज दिला. त्यांनी अहवाल बाजूला सारला, अर्ज उलटा केला आणि त्यावर तळहात ठेवला. "अडचण सांग," म्हणाले. "फक्त अडचण. उत्तर तोंडातून निघालं तर चहा मिळणार नाही."

"आता हे कावून सर?" बबनदादा म्हणाला. "उत्तर तर लई भारी हाय."

"म्हणूनच. उत्तर एकदा कानात पडलं ना, की वाटतं हे तर मलाही सुचलं असतं. कोडं सुटल्यावर सगळेच हुशार. परीक्षकाला तर जास्तच वाटतं, कारण उत्तर त्याच्यासमोर छापलेलं असतं. मी नोकरीत होतो तेव्हा अर्जाच्या सुरुवातीला लिहिलेली अडचण तेवढी वाचायचो, बाकीचं झाकून स्वतः डोकं खाजवायचो. मला जे सुचलं ते सहज. जे नाही सुचलं, त्याच्यापुढं जरा अदबीनं बसायचं."

मी अडचण सांगितली. लाईट, एकदम जागे होणारे डबे, गोंधळ. बबनदादाला मधेमधे राहवत नव्हतं, तो तोंड उघडायचा आणि सर बोट दाखवायचे, "बबन, चहा!" की तो पुन्हा गप्प. चाची दारात उभी राहून हसत होती. शेवटी सर म्हणाले, "आठवड्यानं या. मला माझ्या डोक्यानं जाऊन बघू दे."

तो आठवडा कसा गेला ते माझं मला माहीत. अन्न गोड लागेना. मला वाटत होतं, एवढा शिकलेला माणूस, आठवडाभर विचार करणार... त्याला सुचलंच तर? मग झालंच की.

आठवड्यानं गेलो. सरांनी आम्हाला बसवलं आणि बोटांवर मोजत सांगितलं, "मला हे सुचलं. सगळ्यांनी वेगवेगळा वेळ थांबावं. किंवा सिमवाल्या डब्यानं एकेकाचं नाव पुकारावं. किंवा ज्याला शेजाऱ्याचा आवाज येतोय त्यानं गप्प राहावं. आणि निरोप हातोहात पुढं द्यावा. हे सगळं चालता चालता सुचलं, त्यामुळं कुणालाही सुचेल. आता तुझं बघू." त्यांनी अर्ज सरळ केला आणि शेवटची पानं वाचायला घेतली. हक्क काय मागितलाय ते तिथं लिहिलेलं असतं. सर वाचत होते आणि त्यांचा चेहरा उतरत होता. एका सिमवर अनेक विहिरी, पेन्सिलीनं रेघ. निरोप हातोहात, रेघ. डब्यांनी पाळीपाळीनं बोलावं, तिसरी रेघ. पेन्सिल खाली ठेवून म्हणाले, "बेटा, खोटं बोलणार नाही. परीक्षक बरोबर आहे. ह्यात मला न सुचलेलं काही नाही."

मला आठवतं, मी हात जोडले आणि उठलोच.  त्यांनी मला फसवलं नव्हतं. रागवावं तर कुणावर?

तेवढ्यात बबनदादा म्हणाला, "अन् ते शेवटच्या पोलाचं न्हाई लिहिलं का बे?"

"त्यात काय लिहायचं," मी म्हणालो. "ते तर सगळ्यांना माहीत असतं."

"काय माहीत असतं?" सर म्हणाले.

"काही नाही सर, व्होल्टेजचं. आमच्या विहिरी लाईनच्या शेवटाला. लाईट आली की डीपीजवळच्यांच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरला लागून असलेल्यांच्या मोटारी लगेच धरतात, आणि व्होल्टेज पोलापोलानं उतरत येतं. आमच्यापर्यंत निम्मा जीव गेलेलं. प्रत्येक विहिरीला वेगळं. म्हणून मी डब्यालाच सांगितलं, तुला किती मिळतंय ते बघ आणि जितकं कमी तितकं कमी थांब. ज्याला सगळ्यात कमी, तो शेवटच्या पोलाचा, त्यानं पहिलं बोलायचं. मग त्याच्या अलीकडच्यानं. पाळी आपोआप लागते. घड्याळ नको, नाव पुकारायला नको. आणि शेवटच्याची मोटार आधी सुरू होते, नाहीतर पुढच्यांनी ओढल्यावर त्याची उचलतच नाही."

सर उठले, खिडकीशी गेले, परत आले. "हे तू अर्जात लिहिलंस का?"

"पाळीनं बोलतात एवढं लिहिलंय ना..."

"कशी पाळी, ते लिहिलंस का? अरे नीट आठव. अर्जात नसेल तर आता घालता येत नाही. पहिल्या दिवशी जे कागदावर होतं त्यातूनच काय ते मिळेल."

मला आठवेना. मी हिंदीत सांगितलं होतं, त्यानं इंग्रजीत काय लिहिलं देव जाणे. सर पानं उलटायला लागले, एकेका ओळीवर बोट ठेवून. बबनदादाला इंग्रजी येत नव्हतं, तरी तोही एक पान धरून बसला होता. मला तर बघवत नव्हतं. एवढी मोठी गोष्ट मी सांगितली तरी होती का? सांगायची गरज वाटली असेल का मला? लाईनच्या शेवटाला राहणाऱ्या माणसाला कमी व्होल्टेज म्हणजे काही सांगण्यासारखी गोष्ट वाटतच नाही. ते असतंच. ऊन असतं तसं. मी मिस्ड कॉल देऊन मोटार चालू करायचं, सिमचं कौतुक पानभर लिहून घेतलं होतं...

"हे बघ," सर म्हणाले. आवाज बदलला होता. एका लांबलचक परिच्छेदाच्या पोटात एकच वाक्य होतं: प्रत्येक डब्याची पाळी त्याला मिळणाऱ्या व्होल्टेजवरून ठरवता येते, सर्वांत कमी व्होल्टेजवाला प्रथम. सरांनी पेन्सिलीनं त्याच्याभोवती गोल काढला आणि मोठ्यांदा हसले. "येड्या, दागिना चिंधीत बांधून दिलास आणि चिंधी मखमलीत!" मग चाचीला हाक मारली, "चहा आण गं! बबनला दोन कप!"

मी तरी म्हणालोच, "पण सर, हे सगळ्यांना माहीत असतं."

"सगळ्यांना काय माहीत असतं ते सांगू? शेवटाला व्होल्टेज कमी येतं, हे माहीत असतं. वायरमनला माहीत, इंजिनियरला माहीत, मलाही माहीत. पण त्या कमीपणाला विचारून रेडिओची पाळी लावायची, हे कुणाला माहीत होतं? मी आठवडाभर बसलो होतो. मला नाही सुचलं. जवळ असणं आणि सुचणं ह्यात फार अंतर असतं बाबा. आमचा सगळा धंदा त्या अंतरावर चालतो."

पुढं सुनावणी लागली. व्हिडिओवर होती. मी त्यासाठी पुन्हा बीडला आलो, कारण कोइंबतूरला एकटा बसायची माझी हिंमत नव्हती. सरांच्या खोलीत लॅपटॉपसमोर दोघं बसलो. पलीकडं अर्ज तपासणाऱ्या एक मॅडम, कागद नीट वाचून आलेल्या. सरांनीच सुरुवात केली. म्हणाले, "आमच्या पहिल्या तीनही मागण्यांवरची आपली हरकत मान्य आहे. त्या गोष्टी सहज सुचण्यासारख्याच आहेत. आम्ही त्यावरचा हक्क सोडतो." मी टेबलाखालून त्यांचा गुडघा दाबला. आपलाच माणूस समोरच्याच्या बाजूनं बोलायला लागला! त्यांनी माझा हात हलकेच बाजूला केला. "आम्ही फक्त एक मागतो. व्होल्टेजवरून पाळी."

मॅडम म्हणाल्या, बरं, पण आणखी एक जुना कागद आहे. त्यात डबा व्होल्टेज मोजतो आणि ते स्थिर झाल्यावरच बोलतो. आधीच्या मीटरवाल्या कागदाबरोबर हा ठेवला तर? जाणकार माणूस तिथं पोचणार नाही का?

सर म्हणाले, "जरूर ठेवू. दोन्ही जोडून काय तयार होतं ते बघू. व्होल्टेज स्थिर व्हायची वाट बघणारा आणि मग मनाला येईल तेवढं थांबून बोलणारा डबा. चांगला डबा आहे. पण आमचा नाही. त्या दोन्ही कागदांत व्होल्टेजचा चढउतार म्हणजे कटकट आहे, ती सरेपर्यंत थांबा असं ते सांगतात. ते वाचून जाणकार उलट्या दिशेला जाईल."

मॅडमनी जुने कागद पुन्हा चाळले. मग त्यांनी थेट मलाच विचारलं, हिंदीत, की तुम्हाला हे कसं सुचलं? सरांनी लॅपटॉप माझ्याकडं वळवला. तयारी काहीच नव्हती. मी म्हणालो, "मॅडम, आमच्याकडं व्होल्टेज कमी आलं की सगळे त्याला शिव्या देतात. मीही देतो. पण एके दिवशी डब्यांवर आकडे दिसत होते, आणि आकडे बरोबर विहिरींच्या रांगेनं उतरत होते. मला वाटलं, हे रांगेत उभेच आहेत की. मी फक्त रांग उलटी केली." मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

सुनावणी संपल्यावर मी सरांना म्हणालो, "सर, तीन गोष्टी सोडून कशाला दिल्या? एखादी तरी राहिली असती." ते चष्मा पुसत म्हणाले, "जे आपलं नाही ते धरून बसलं की जे आपलं आहे त्यावरही संशय येतो. सोडता आलं पाहिजे. आणि भिऊ नको. मी त्या खुर्चीवर बसलोय. तिला तुझं म्हणणं पटलंय." मला धाकधूक होतीच, ती काय जात नाही. पण सर इतक्या खात्रीनं बोलायचे की धाकधुकीलाही बसायला सतरंजी मिळायची.

आणि तसंच झालं. पेटंट मिळालं. लहानसं, एकाच युक्तीचं, पण पक्कं. आता कोइंबतूरच्या कारखान्यात मी डिझाईनच्या खोलीत बसतो आणि त्या डब्याच्या पाटीवर माझं नाव आहे. सरांना फोन केला तर मागून चाची म्हणाली, "आता तरी लग्न करंल का विचारा!"

शेवटची भेट त्यानंतरची. गावी आलो होतो, बीडला थांबलो. सरांना चालताना दम लागत होता. पण जिन्यापर्यंत आलेच. म्हणाले, "नोकरीत किती अर्ज नाकारले असतील. बहुतेक बरोबरच नाकारले. पण माणूस दिसायचा नाही, नंबर दिसायचा. तुझ्या पायी एकदा पुरा माणूस बघायला मिळाला, तोही घाबरलेला." मी हसलो. तेही हसले. नंतर धाप लागली, मग कठड्याला धरून उभे राहिले. मी म्हणालो, सर आत जा. म्हणाले, "तू आधी जा. तुझी एसटी चुकेल."

सर गेल्यावर काही आठवड्यांनी रजा मिळाली, तेव्हा थेट बीडला गेलो. कब्रस्तानात जाऊन आलो. चाचीनं वर खोलीत नेलं. खोली झाडलेली होती. खिडकीखाली मेजाशी त्यांची खुर्ची आणि तिच्यावर तो स्वेटर. चाची म्हणाली, "बस ना खुर्चीवर." मी नाही बसलो. समोरच्या लाकडी बाकावर बसलो, अर्ज घेऊन येणारे बसतात तिथं.

आम्ही चहा घेत होतो तेवढ्यात खालून कुणीतरी हाक मारली. एक बाई होत्या, माझ्याहून थोड्या मोठ्या, हातात प्लास्टिकची पिशवी. लिंबागणेशला नवऱ्याबरोबर मोटार भरायचं दुकान चालवतात, नाव सुनीता. सरांनी त्यांना बोलावून ठेवलं होतं, आणि सर गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. चाचीनं सांगितलं. त्या पदर तोंडाला लावून उभ्याच राहिल्या. मग "येते चाची" म्हणून वळल्या.

"थांबा," चाची म्हणाली. "हा दत्ता. ह्याचं काम सरांनीच केलंय."

सुनीताताईंनी माझ्याकडं बघितलं आणि त्यांचं तोंडच उतरलं. "तुमीच का ते डब्यावाले? मग तर... तुमच्याच डब्यावरून सुचलंय मला. सर म्हणले व्हते, त्याचा डबा अन् तुझं म्हणणं समोरासमोर ठेवू. तुझं त्याच्यातून सहज निघतं का बघू."

मला कळलं त्या का घाबरल्या. त्यांच्या आणि हक्काच्या मधी आता माझाच कागद उभा होता. आणि मलाही आत कुठंतरी धक्का बसला, ते लपवत नाही. म्हणालो, "सांगा ताई."

त्या अवघडून सांगायला लागल्या. आमच्या डब्यांत प्रत्येक विहिरीचं व्होल्टेज मोजलं जातंच. शेजारच्या दोन विहिरींमधला फरक रोज साधारण तेवढाच असतो. पण एखाद्या दिवशी तो फरक तेवढ्या दोघांतच वाढला, तर मधल्या तारेचा जोड सैल झालाय, तापतोय. जळायच्या आधीच कळतं, आणि कुठल्या दोन पोलांच्या मधे ते सुद्धा. त्यांच्या गावात असा जोड तुटून तार शेतात पडली होती, तेव्हापासून त्या ह्याच्या मागं होत्या. "सोपंच हाय म्हणा," शेवटी म्हणाल्या. "तुमी तर आधीच केलं आसंल."

 चाची माझ्याकडं बघत होती. ते आकडे माझ्या डब्यात रोज येत होते. इतकी वर्षं माझ्या डोळ्यांसमोरून गेले. मी त्यांच्यावरून पाळी लावली आणि समाधानानं झोपलो. आता ऐकल्यावर वाटत होतं, अरे, हे तर मला सुचायलाच हवं होतं. पण सुचलं नव्हतं. डबा माझा, विहिरी माझ्या, आकडे माझे, आणि तरी सुचलं नव्हतं. 'त्यात काय' म्हणणं किती सोपं होतं! ताई आल्या पावली परत गेल्या असत्या, आणि तो डबा उद्या मीच केला असता.

"नाही ताई," मी म्हणालो. "मी नाही केलं. मला हे कधीच सुचलं नाही. आणि तो डबा माझ्याएवढा कुणीच उघडून बघितलेला नाही. जो कुणी तुमचा अर्ज बघंल त्याला हे मी लिहून देतो, लागलं तर समोर येऊन सांगतो."

सुनीताताई बाकावर माझ्या शेजारी बसल्या. चाचीनं तिसरा कप आणला. माझ्या साध्या मराठीत मी तो कागद त्याच मेजावर लिहिला, सही केली आणि खाली आणखी एक ओळ टाकली, की ह्या युक्तीला पेटंट मिळालं तर माझा आक्षेप नाही, आनंद आहे. चांगला वकील शोधून देईन असं ताईंना सांगितलं आहे. कोइंबतूरला परत आलो तरी रोज त्यांना फोन करतो आणि नेहमीसारखाच काळजी करत बसतो. पण सर, ह्या वेळी माझ्यासाठी नाही. तुमची फेड व्हायला अजून पुष्कळ बाकी आहे, तुम्ही कधी मागितली नाहीत तरी. एक ना एक दिवस ती मी पुरी करीन.